गीत 214 कुठे गेलं?

आमच्या चर्चच्या मंडळीचं गीतपुस्तक नव्याने काढायचं ठरलं, तेव्हा पाळकसाहेबांनी उपासना संपल्यावर दारातच मला विचारलं, "मराठी टायपिंग येतं ना तुला?" मी हो म्हटलं. दीड वर्ष त्यात गेलं.

आधी वाटलं, जुनी गीतं उतरवायची, दहा-वीस नवी घालायची, झालं. पण 29 नोव्हेंबर 1970 ला इथे नागपुरातच सहा वेगवेगळ्या पंथांची चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तरी गाणारे गळे काही त्या दिवशी एक झाले नाहीत. आमच्या समितीतले एक काका जुन्या स्कॉटिश मिशनच्या वळणाचे, दुसरे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाच्या घरातले. एकच गीत दोघं दोन चालींवर म्हणणार आणि दोघांनाही आपलीच चाल मूळची वाटणार. तीन शनिवार त्यात गेले. शेवटी दोन्ही चाली छापल्या.

नारायण वामन टिळकांच्या गीतांवर मात्र वाद झाला नाही. हा माणूस ख्रिस्ती होण्याआधी नागपुरात राहिलेला. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याने त्यांच्या हातात बायबल ठेवलं, आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे अभंग पेटी-तबल्यावर आपोआप बसतात. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, श्वास कुठे घ्यायचा ते सांगावं लागत नाही. इंग्रजी चालीवर बसवलेल्या भाषांतरांचं तसं नाही. अक्षरं बरोबर मोजलेली असतात, पण जोर भलतीकडे पडतो. "तारणारा" म्हणताना ठोका नेमका "र"वर आला की तो "तार णारा" होतो. अशा ओळी आम्ही पेटीवर वाजवून बघायचो. मे महिना, कूलर चालू केला की प्रुफं उडायची, बंद केला की आम्ही उकडायचो. मग प्रुफांवर बायबलं ठेवली.

परवानग्यांचं काम त्या मानाने सोपं निघालं. कवी वारल्यावर 60 वर्षं हक्क राहतो, आणि टिळक 1919 मध्ये गेले. हयात कवींना पत्रं धाडली. एकांनी फोनवर होकार दिला, पण अट घातली: मागच्या छपाईत कुणीतरी बदललेला एक शब्द परत माझाच घाला. घातला.

खरा घोळ फॉन्टचा. निम्मा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये तयार मिळाला होता, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखी वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणायचा होता. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात नंतर. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गोंधळायचा. आता गीतपुस्तकात सगळ्यात जास्त येणारा शब्द "ख्रिस्त", आणि नेमकी त्याचीच वेलांटी पानोपानी सुटून लोंबकळत होती. अनुक्रमणिकेतही कॉम्प्युटरने "क्षमा"ने सुरू होणारी गीतं "क"मध्ये नेऊन टाकली. आपली माणसं ती "ह" आणि "ळ"च्या पुढे शोधणार. हाताने हलवली.

छपाईवाल्याने सांगितलं, सोळा पानांचा एक फर्मा, तुमची सात पानं कोरी राहतात. मग समितीने आधी नाकारलेली पाच गीतं आत आली. (त्यांतलं एक आता मुलं सगळ्यात जास्त म्हणतात.) बाइंडिंग मात्र शिलाईचंच घेतलं, पैसे जास्त गेले तरी. चिकटवलेलं पुस्तक पेटीवर उघडं राहत नाही.

एवढं सगळं करून नमुना प्रत मंडळीत ठेवली, आणि पहिल्याच रविवारी मागच्या बाकावरच्या आजींनी मला गाठलं. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. गीतं सगळी पाठ, पण ओळख नंबरावरून.

"काहून बदलवले बाप्पा नंबर? माह्या मालकाले माती देली तवा 214 म्हटलं होतं. आता 214 काढलं तं नाताळचं निघते!"

आम्ही विषयवार मांडणी केली होती, सणवार, प्रभुभोजन, अंत्यविधी, आणि तिचं आम्हाला कौतुकही होतं. आजींचं 214 त्यात 287 झालं होतं. मांडणी मोडायला समिती तयार नव्हती, मलाही ती मोडावीशी वाटेना. तेव्हा प्रत्येक नव्या नंबराखाली जुना नंबर कंसात घातला आणि मागे जुन्या-नव्याचा तक्ता जोडला. छपाई महिनाभर लांबली.

प्रकाशनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुकारलं, "गीत 287, जुना 214." आजींच्या हातात जुनंच पुस्तक, खाकी कव्हरचं. नवं घेतलंय, पण ते कपाटात आहे म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्यांच्या घरी गेले आणि काळ्या स्केचपेनने जुन्या पुस्तकातल्या प्रत्येक गीतावर ठसठशीत नवा नंबर लिहायला बसले. चहा झाला तोवर 90 पर्यंत आले होते.