तुम्ही विचारलंत म्हणून: पगारी पीएचडीची जागा कशी शोधायची

"परदेशात विज्ञानात पीएचडी करायची आहे, पण खर्च झेपणारा नाही. स्कॉलरशिप कुठे मिळेल?" हे मला सतत विचारलं जातं. माझं सांगणं एवढंच असतं, की नोकरी शोधतो तशी पीएचडी शोधा.

जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे या देशांत विज्ञानातली पीएचडी बहुतेक वेळा करारावरची नोकरीच असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, पगार सुरू होतो. 'युरॅक्सेस' या वेबसाइटवर युरोपभरच्या जागा असतात, नेदरलँड्सच्या 'अकॅडेमिक ट्रान्सफर'वर, नॉर्वेच्या 'जॉबनॉर्गे'वर. मास्टर्स मात्र सहसा लागतंच. जर्मन जाहिरातीत 'टीव्ही-एल ई13, 65 टक्के' असं दिसलं, तर तो सरकारी वेतनश्रेणीच्या 65 टक्के पगार. काम बहुधा पूर्ण वेळाचंच असतं, हे आधीच समजून घ्या. युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या 'मारी क्युरी' नेटवर्कच्या जागांना आणखी एक अट असते: त्या देशात आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही.

पण मला सगळ्यात भरवशाची वाटते ती वाट वेगळी आहे. आधी पैसा कुठे आलाय ते बघा. युरोपियन रिसर्च कौन्सिल दरवर्षी 'स्टार्टिंग ग्रँट' मिळालेल्यांची यादी जाहीर करते. 5 वर्षांसाठी 15 लाख युरोपर्यंत रक्कम असते. ती मिळाली, की त्या शास्त्रज्ञाला माणसं लागतात, आणि जाहिरात निघायला वेळ असतो. तेवढ्यात तुमचा ईमेल पोचायला हवा. आवडलेल्या शोधनिबंधाच्या (पेपरच्या) शेवटी निधी कुणी दिला तेही छापलेलं असतं. ते वाचायची सवय लावा.

ईमेलमध्ये "मी मेहनती आहे" लिहू नका, ते सगळेच लिहितात. "तुमच्या पेपरमधल्या तिसऱ्या आकृतीत 37 अंशांवर प्रथिनाचा आकार बदलतो. मास्टर्सच्या प्रकल्पात मी याच कुळातलं प्रथिन शुद्ध केलं होतं, तापमान कमी ठेवून पाहिलंत का?" असं काही लिहा. पाच-सहा वाक्यं, सोबत सीव्ही. उत्तर आलं नाही, तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करून द्या, मग सोडून द्या.

अमेरिकेचं गणित निराळं. तिथे अर्ज विद्यापीठातल्या विभागाकडे जातो, मुदत बहुधा डिसेंबरात संपते, पदवीनंतर थेट जाता येतं. फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा स्टायपेंड मिळतो. पाच-सहा वर्षं मात्र धरून चाला. अर्जाची फी जड जात असेल, तर ती माफ करायची विनंती करून बघा. बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते.

होकार देण्याआधी त्या प्रयोगशाळेतल्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशी बोला, प्राध्यापक समोर नसताना. करार 3 वर्षांचा आणि पीएचडीला 4 लागली, तर चौथ्या वर्षाचा पगार कुठून येतो, हे प्राध्यापकांनाही स्पष्ट विचारा. या प्रश्नाचा ज्यांना राग येतो, त्यांच्याकडे जाऊ नका.