मिठागराचे पाणी विरल करताना

एप्रिलच्या अखेरीस पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांत सकाळी आठच्या आत पोहोचावे लागते, कारण त्यानंतर मिठावरून परतणारे ऊन डोळ्यांना सोसवत नाही. ज्या कप्प्यांत मीठ धरू लागलेले असते, त्यांतले पाणी पुष्कळदा गुलाबीसर दिसते. या रंगात मोठा वाटा हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा असतो. त्यांच्या पेशीपटलात बॅक्टेरिओरुबेरिन नावाचे लालसर रंगद्रव्य असते. माझे काम या जीवांवर चालते. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना ज्या गोष्टी मी दरवर्षी शेजारी उभी राहून करून दाखवते, त्या एकदा लिहून ठेवाव्यात असे बरेच दिवस मनात होते.

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी असेच गुलाबी पाणी बाटल्यांत भरून आणले, पाठ्यपुस्तकात शिकल्याप्रमाणे ०.८५ टक्के मिठाच्या निर्जंतुक द्रावणात त्याचे दहापट, शंभरपट असे क्रमाने विरलन केले आणि प्रत्येक नळीतले ०.१ मिलिलीटर २५ टक्के मिठाच्या अगार प्लेटवर (जीव वाढवण्यासाठी थिजवलेल्या माध्यमाच्या बशीवर) पसरवले. तीन आठवडे रोज सकाळी इन्क्युबेटर उघडून पाहिला. एकाही प्लेटवर एकही वसाहत, म्हणजे जीव वाढून डोळ्यांना दिसू लागलेला ठिपका, नव्हती. माध्यम दोनदा नव्याने केले, तापमान तपासले, पाण्याचा नमुनाच खराब झाला असावा असेही मानले. शेवटी मार्गदर्शक बाईंनी माझी वही मागून घेतली, विरलनाच्या ओळीवर बोट ठेवले आणि एवढेच विचारले, “या नळ्यांत मीठ किती घातलं होतंस?”

त्या दुपारी त्यांनी मला जे दाखवले ते आजही मी प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवते. मिठागराच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर कव्हरस्लिप ठेवायची, सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारख्या पेशी नीट नजरेत आल्या की कव्हरस्लिपच्या कडेला ऊर्ध्वपातित पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि डोळा न हलवता पाहत राहायचे. पाणी आत शिरते तशा काड्या फुगून गोल होतात आणि मग एकेक करून दिसेनाशा होतात. या जीवांच्या पेशीभित्तीतली प्रथिने सोडियम आणि मॅग्नेशियमच्या आधारानेच एकत्र राहतात. शिवाय पेशीच्या आत पोटॅशियम क्लोराइड अतिशय दाट असते, त्यामुळे बाहेरचे मीठ उतरले की पाणी वेगाने आत घुसते. विरलनाच्या पहिल्याच नळीत मी सगळ्यांना फोडून टाकले होते. तेव्हापासून आमच्या नळ्यांत २० टक्के मीठ आणि माध्यमात असते तेवढेच मॅग्नेशियम असते. नमुना कोठलाही असो, विरलनाचे द्रावण त्या जिवाला मानवणारे आहे का, हे मी आधी पाहते.

पिपेटबद्दल, म्हणजे द्रव मोजून उचलण्याच्या साधनाबद्दल, थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण येथे होणारी चूक डोळ्यांना दिसत नाही. साधे ऊर्ध्वपातित पाणी १ मिलिलीटर मोजले तर आमच्या हवेत, २८ अंशांना, तराजूवर साधारण ०.९९६ ग्रॅम भरते. मिठाने संपृक्त झालेले पाणी तेवढेच घेतले तर सुमारे १.२ ग्रॅम भरते. हे दाट पाणी पिपेटच्या टोकाला लावलेल्या टिपच्या आतल्या बाजूला रेंगाळते आणि नेहमीच्या पद्धतीने सोडले की थोडे मागे राहते. म्हणून आम्ही उलट्या पद्धतीने पिपेट चालवतो: बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून पाणी सावकाश वर घ्यायचे, क्षणभर थांबायचे आणि सोडताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचे, टिपमध्ये उरलेले पाणी टिपसकट टाकून द्यायचे. टिप द्रवात २-३ मिलिमीटरच बुडवावी आणि प्रत्येक नळीला नवी घ्यावी, कारण आधीच्या नळीतला चिकटलेला अंश पुढे गेला तर पुढची आकडेमोड व्यर्थ जाते. नव्या विद्यार्थ्याने पहिले दोन दिवस फक्त पाणी आणि मिठाचे पाणी आळीपाळीने तराजूवर मोजावे, असा माझा आग्रह असतो. लागोपाठच्या दहा वजनांत फरक एक टक्क्याच्या आत आला की मग नमुन्याला हात लावावा.

मोजणीसाठी ३० ते ३०० वसाहतींच्या प्लेटच धराव्यात. दहा हजारपट विरलनातले ०.१ मिलिलीटर पसरवून ८७ वसाहती आल्या, तर मूळ पाण्यात मिलिलीटरमागे ८७ लाख जीव वसाहत करण्याजोगे होते, असा हिशोब होतो.

या प्लेट ३७ ते ४० अंशांना दोन-तीन आठवडे ठेवाव्या लागतात आणि तेवढ्या काळात अगार सुकू लागतो. पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवल्या नाहीत तर पृष्ठभागावर मिठाचे बारीक स्फटिक उठतात आणि नवखा माणूस त्यांनाच वसाहती समजून मोजतो. भिंगाखाली पाहिले तर स्फटिकाच्या कडा सरळ आणि कोपरे चौकोनी दिसतात. वसाहत गोल, फुगीर असते आणि लवकरच तिच्यावर नारिंगी छटा चढते. यासाठी नमुना न लावलेली एक प्लेट प्रत्येक वेळी सोबत ठेवावीच. तिच्यावर ठिपके उठले तर ते स्फटिक आहेत की माध्यमाच्या मिठातूनच जीव आले आहेत, हे तपासता येते. मिठागराच्या खड्यांतल्या पाण्याच्या सूक्ष्म कप्प्यांत हे जीव तग धरून राहतात. त्यामुळे खडेमीठ वापरून केलेले माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांना पूर्ण वेळ ठेवल्याशिवाय वापरू नये.

ग्रॅम रंजनातही, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्यासाठी पेशी रंगवतानाही, पेशी फुटण्याची तीच अडचण येते. काचपट्टी पाण्याने धुतली की पेशी फुटतात. १९५५ साली दुसो यांनी सुचवलेला उपाय आम्ही अजून वापरतो: पसरवलेला थर हवेत सुकवून २ टक्के ॲसेटिक आम्लात ५ मिनिटे ठेवायचा, म्हणजे मीठ निघून जाते आणि पेशी जागच्या जागी स्थिरही होतात.

जून लागला की आपल्या गोव्यात आणखी एक काळजी असते. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतले पाणी ओढून घेते. अर्धवट बंद राहिलेली बाटली आठवड्याभरात आतून ओली होते आणि मग वजनात पाणी किती आणि क्षार किती हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून नवी बाटली उघडली त्याच दिवशी सगळ्या क्षाराचे दाट द्रावण करून ठेवावे आणि त्याआधी लेबल नीट वाचावे. सहा पाण्याचे रेणू असलेल्या क्षाराचे रेणूवस्तुमान २०३.३ आणि निर्जल क्षाराचे ९५.२ असते, एकाच्या जागी दुसरा धरला तर मॅग्नेशियमचे प्रमाण निम्म्यावर येते किंवा दुपटीहून वर जाते.

पेशी फोडणाऱ्या ज्या अळणी पाण्याने माझे पहिले तीन आठवडे वाया गेले, तसेच पाणी डीएनए काढताना मात्र उपयोगी पडते. वाढलेल्या जीवांचा साका सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसवायचा, वरचे खारे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून घ्यायचे आणि साक्यावर ऊर्ध्वपातित पाणी घालायचे. ना विकर लागते, ना काचेचे मणी. गुलाबी साका पाहता पाहता विरघळतो आणि टिप वर उचलली की तिच्यामागे अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येते.