रात्रीच्या लाटांसाठी ल्यूर निवडताना

दक्षिण गोव्यातील मोबोरच्या वाळूच्या टोकावर, जिथे साळ नदी समुद्राला मिळते, तिथे रात्री गळ टाकताना मी डब्यातून सर्वप्रथम काळे ल्यूर, म्हणजे माशाला भुलवणारे कृत्रिम आमिष, काढतो. अंधारात काळा रंग अनेकांना चुकीचा वाटतो. परंतु चोणक किंवा तांबोशी खालून वर पाहते तेव्हा आकाशाच्या अंधूक उजेडावरही काळी आकृती उठून दिसते, आणि उरलेला अंदाज मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातील कंपनांवरून घेतो. म्हणूनच मी रंगापेक्षा हालचालीला अधिक महत्त्व देतो. सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचे, उथळ पोहणारे आणि रुंद डोलणारे ल्यूर मला सर्वांत विश्वासाचे वाटते, मात्र रीळ इतके सावकाश फिरवावे लागते की त्याचा प्रत्येक झोका काठी धरलेल्या बोटांना जाणवावा. पाणी गढूळ असेल तर आत छर्रे खुळखुळणारे ल्यूर घ्यावे. ज्या रात्री सूक्ष्मजीवांमुळे लाटा निळसर चमकतात, त्या रात्री ओढला जाणारा दोराही उजळतो आणि मासे बिचकतात, असा माझा अनुभव आहे. तेव्हा मी लहान, मऊ रबरी ल्यूर तळालगत हळूहळू ओढतो. डोक्यावरच्या दिव्याचा झोत मी पाण्यावर पडू देत नाही. गाठ बांधायची असल्यास कोरड्या वाळूवर मागे येतो.