अटलांटिकची रात्रपाळी, गावभागातल्या माडीवरून

यंदा माझ्या सुट्टीवर न्यू जर्सीच्या आमच्या लॅबमध्ये कुणीच कुरकुर केली नाही. ऐन गणपतीत, म्हणजे तिकडे अटलांटिकच्या चक्रीवादळांचा हंगाम भरात असताना मी सांगलीला निघाले, तरीही. कारण साधं आहे. तिथले रात्रीचे दोन म्हणजे इथले सकाळचे साडेअकरा. जी रात्रपाळी चुकवायला तिकडे एकमेकांना कॉफी पाजली जाते, ती मी आमच्या माडीवर बसून, भडंगाची वाटी शेजारी ठेवून, दिवसाढवळ्या करणार होते.

मी नेमकं काय करते ते घरी धड कुणाला ठाऊक नव्हतं. आबांच्या मते मी पाणबुडीवर होते. पाणबुडी नाही आबा, ग्लायडर. दीड मीटर लांब, पिवळाधमक, दोन बाजूंना दोन पंख, आत माणूस नाही आणि ढकलायला मागे फिरता पंखाही नाही. नाकातून पाणी ओढून घेतलं की तो जड होतो आणि बुडायला लागतो. पंखांमुळे सरळ खाली न जाता तिरपा पुढे सरकतो. तेच पाणी बाहेर लोटलं की हलका होऊन तिरपा वर येतो. नाक खाली-वर करायला पोटातली बॅटरी पुढे-मागे सरकते. असं करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली करत तासाला जेमतेम किलोमीटरभर जातो.

"आमची म्हस बरी," आबा म्हणाले.

म्हशीला रोज वैरण लागते, हा महिनोन् महिने एका बॅटरीवर चालतो. रटगर्स विद्यापीठाचा असाच एक ग्लायडर २००९ च्या २७ एप्रिलला न्यू जर्सीजवळ सोडला होता. तो ४ डिसेंबरला स्पेनजवळ बाहेर काढला. २२१ दिवसांत अख्खा अटलांटिक, याच चालीनं. त्या मोहिमेत पदवीचे विद्यार्थीही होते. तेव्हापासून हे काम विद्यार्थ्यांना शिकवायची पद्धतच पडली. माझ्यासारखे तिथूनच यात अडकले.

पाण्याखाली जीपीएस चालत नाही, रेडिओ नाही. ग्लायडर बुडाला की आंधळा. आपण कुठे असू, याचा अंदाज बांधत तो पोहतो. दर तीन तासांनी वर येऊन शेपटी पाण्याबाहेर काढतो आणि इरिडियम उपग्रहाला फोन लावतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत मला कळतं, त्याला स्वतः कुठे आहोत असं वाटत होतं आणि तो खरा कुठे निघाला. मला या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे: दोन्हींतला फरक म्हणजे प्रवाहानं त्याला किती ओढलं ते. त्याची चूक हेच आमचं माप.

त्या आठवड्यात आमचे चार ग्लायडर पाण्यात होते. दोघांनी एकच पाणी मोजू नये, जहाजांच्या वाटेत आणि मासेमारीच्या जाळ्यांत कुणी जाऊ नये, वादळ आलंच तर एकजण त्याच्या वाटेवर थांबलेला असावा, एवढी जुळवाजुळव. वादळाच्या वाटेवर का, तर तिथे उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट आणि तळाशी हिवाळ्यातलं गार पाणी साचून राहिलेलं असतं. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळ आलं, तेव्हा पाण्यात असलेल्या एका ग्लायडरनं दाखवलं की वादळाचा डोळा यायच्या आधीच समुद्र ढवळून वरचं पाणी गार पडलं होतं. वादळाला बळ मिळतं कोमट पाण्यातून, त्यामुळे न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागण्याआधी आयरीनचा जोर कमी होण्यात त्याचा मोठा वाटा होता.

तिसऱ्या दिवशी एकाचा फोन आला नाही. त्यात इथली लाईट गेली. मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडून मी नुसती बसून. दर पंधरा मिनिटांनी बाबा जिन्यात येऊन विचारत, "आला का?" हा सूर मला ओळखीचा होता. २०१९ च्या पुरात आम्ही नातेवाइकांकडे राहायला गेलो होतो, तेव्हा "आयर्विनला किती?", म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर, हे ते असंच विचारायचे. ४५ फुटांची धोका पातळी मागे पडून आकडा ५७ वर गेला, तोवर विचारत राहिले.

अडीच तास उशिरानं फोन आला. पावसानं नदीचं गोडं पाणी समुद्रावर पसरलं होतं आणि हा त्या थराखाली तीन-चार मीटरवर अडकून पडला होता. खाऱ्या पाण्यात तरंगेल असं वजन भरलेलं, गोड्या पाण्यात ते जास्त झालं. नाकातलं अर्धा लिटर पाणी सगळं बाहेर टाकूनही वर येईना. ते वजन सुट्टीवर निघण्याआधी मीच भरलं होतं. लॅबच्या फाईलमध्ये तसं लिहून टाकलं. लपवून काय करणार, आकडे सगळ्यांना दिसतात.

आईच्या शाळेत मी हीच फजिती सांगितली. दाखवायला अंडं न्यायचं होतं, पण दारात गणपती, म्हणून बटाटा नेला. साध्या पाण्यात बुडाला, सात-आठ चमचे मीठ ढवळल्यावर तरंगला. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मग तो ग्लायडर कृष्णेत सोडला तर?" तळाला जाईल, म्हटलं. पण कृष्णेचं पाणी पुढे आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात शिरतं. गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्याच आपल्या नद्यांमुळे या उपसागराचा वरचा थर गोडा राहतो, खालच्या पाण्यात नीट मिसळत नाही आणि मान्सूनवर त्याचा परिणाम होतो. २०१६ मध्ये भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 'सिंधु साधना' जहाजावरून जाऊन तिथे ग्लायडर सोडले, ते यासाठीच. पोरं क्षणभर गप्प झाली. पुराचं पाणी पुढे जातं कुठे, याचा मीही त्यांच्या वयात कधी विचार केला नव्हता.

रविवारी त्यातली सातजणं माडीवर आली. साडेअकराचा फोन पावणेबाराला लागला. पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकू लागल्या: वरचं पाणी २५ अंश, ३८ मीटरवर ११. एका मुलीनं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी उतरवून घेतलं.

आजी गॅलरीत वाती वळत होती. तिनं तिथूनच विचारलं, "काय गं, पानी वाढतंय का उतरतंय?"