फाइल सेव्ह केली होती, तरीही

आत्याची जुनी पत्रं मी सहा महिने टाइप करत होते. १८०च्या आसपास पानं झाली होती. त्या संध्याकाळी एक पत्र संपवलं, कंट्रोल-एस दाबलं आणि दहा-बारा सेकंदांत स्क्रीन गोठली. माउस हलेना, कीबोर्ड दाद देईना. थोडा वेळ वाट पाहिली आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद केला. सेव्ह तर केलं होतं, म्हणून फारशी काळजी वाटली नाही.

पुन्हा चालू केल्यावर फाइल जागच्या जागी होती. नाव तेच, आकार नेहमीएवढाच. पण वर्डमध्ये ती उघडेना. मग नोटपॅड प्लस प्लस या साध्या मजकूर-संपादकात उघडली आणि पोटात गोळा आला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'एनयूएल, एनयूएल, एनयूएल' अशा काळ्या चौकटींची रांग, म्हणजे मजकुराच्या जागी नुसती शून्यं. वर्डची डॉक्स फाइल म्हणजे आतून झिप, म्हणजे दाबून बांधलेलं फाइलींचं गाठोडं असते, आणि धडधाकट झिप फाइल 'पी' आणि 'के' या दोन अक्षरांनी सुरू होते. झिप हा फाइलचा प्रकार ज्यांनी तयार केला त्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. माझ्या फाइलमध्ये ती दोन अक्षरंसुद्धा उरली नव्हती.

सेव्ह केलं की मजकूर डिस्कवर गेला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तसं नसतं. ऑपरेटिंग सिस्टिम तो आधी रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, ठेवते आणि काही सेकंदांनी, सवडीने डिस्कवर उतरवते. डिस्कलाही स्वतःची छोटी मेमरी असते, तिथेही तो थोडा रेंगाळू शकतो. मधेच वीज तोडली की वाटेतलं सगळं जातं. विंडोजची डिस्कवर फाइली ठेवण्याची एनटीएफएस पद्धत जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवते खरी, पण त्यात फाइलचं नाव, आकार आणि जागा यांच्या नोंदी सांभाळल्या जातात, आतला मजकूर नाही. म्हणून नोंदी शाबूत राहिल्या आणि मजकुराच्या जागी शून्यं आली.

बॅकअप होता. बाहेरच्या डिस्कवर रोज आपोआप कॉपी व्हायची. पण कॉम्प्युटर सुरू होताच ती कॉपीही सुरू झाली आणि 'नवीन फाइल' म्हणून ती शून्यांची फाइल चांगल्या फाइलवर जाऊन बसली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. वर्ड मधूनमधून आपोआप प्रत ठेवतं त्या ऑटोरिकव्हरमध्येही काही मिळालं नाही.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यांना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ताई, आता त्या डिस्कवर काहीही लिहू नका. चेकडिस्कसुद्धा चालवू नका." चेकडिस्क म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम. वर्ड सेव्ह करताना नवा मजकूर वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं, जुनी फाइल बाजूला करतं आणि नव्या फाइलला तिचं नाव देतं. जुनी फाइल पुसल्यासारखी दिसते, पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिचा मजकूर तिथेच असतो. माझी डिस्क फिरती हार्ड डिस्क होती, हे नशीब. चिपवर साठवणारी एसएसडी असती तर पुसलेल्या फाइलची जागा रिकामी करून टाकणाऱ्या ट्रिममुळे बहुधा काहीच हाती लागलं नसतं.

डिस्क काढून त्यांच्या कॉम्प्युटरला जोडली आणि पुसलेल्या फाइली शोधून काढणारं फोटोरेक चालवलं. नाव फोटोंचं असलं तरी ते डॉक्सही ओळखतं. सापडलेल्या फाइली नेहमी दुसऱ्याच डिस्कवर उतरवायच्या, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. नावं हरवलेल्या हजारो फाइली निघाल्या. आकारावरून लावून, माझ्या फाइलएवढ्या असलेल्या एकेक उघडत गेलो. पहिल्या पाच उघडल्याच नाहीत. सहावी उघडली आणि समोर आत्याचं 'चि. सौ.' आलं. १७१ पानं होती. मी तिथेच रडले.

मग मूळ दुखणं शोधलं. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, तर रॅमच्या एका पट्टीत चुका दिसल्या. ती बदलली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कसाठी राइट-कॅश बफर फ्लशिंग (डिस्कच्या मेमरीत रेंगाळणारा मजकूर डिस्कवर उतरवायला लावणं) बंद करण्याचा पर्याय टिक केलेला होता. वेग वाढावा म्हणून कुणीतरी कधीतरी केला असणार. तो आधी काढला. यूपीएस घेतला. त्याने वीज गेल्यावर वेळ मिळतो, पण माझ्यासारखा कॉम्प्युटर गोठला तर त्याचा उपयोग नाही.

बॅकअपची पद्धत पूर्ण बदलली. आता रोजची कॉपी तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, जुनीवर काहीच बसत नाही. क्लाउडवरही फाइल ठेवते, पण तिथे जुन्या आवृत्त्या राहतात ना, ते आधी तपासून घेतलं. नुसतं सिंक, म्हणजे दोन्हीकडे फाइल सारखी ठेवणं, असेल तर ते खराब फाइलसुद्धा इमानेइतबारे पोचवतं. वर्डमध्ये 'नेहमी बॅकअप कॉपी ठेवा' हा पर्याय चालू केला. महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या तारखेची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटचं पान वाचते.

राहिलेली नऊ पानं मूळ पत्रांवरून पुन्हा टाइप केली. दोन पत्रांची शाई इतकी उडाली आहे की भिंग घेऊन बसावं लागलं. त्यांचे फोटोही आता त्याच तारखेच्या फोल्डरमध्ये आहेत.