पाडेल्याचा नंबर

‘कोणाकडे चांगल्या पाडेल्याचा नंबर आहे का? माड कौलांवर झुकलाय आणि पाऊस तोंडावर आलाय.’

मंगळवारी दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात फोनवर हे आलं आणि मी उठूनच बसले. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. तो काही एवढा मोठा विषय नाही, पण विचारणारे आमच्या गटाचे भाऊ होते म्हणून. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी कूस बदलली असती.

भाऊंचा हा फोनवरचा गट आहे गायिका केसरबाई केरकरांच्या गाण्यावर जीव टाकणाऱ्यांचा. आम्ही साठेक जण, फोंड्यापासून काणकोणापर्यंत विखुरलेले, आणि दोघे-तिघे मुंबईला. सात वर्षांपूर्वी भाऊंनी हा गट काढला तेव्हाच नियम लिहून ठेवला : ‘इथे फक्त गाण्याविषयी लिहावे. सुप्रभात, विनोद, राजकारण व बाजारभाव वर्ज्य.’ ‘वर्ज्य’ हा शब्द त्यांनी तोलूनमापून घातलेला. भूप रागात मध्यम-निषाद हे स्वर वर्ज्य, तसे इथे बांगडे वर्ज्य. कोणी चुकून लग्नाचा फोटो टाकला की भाऊंचं एका शब्दाचं उत्तर यायचं, ‘विषय?’ फोटो टाकणारा बिचारा मुलीच्या लग्नातही शरमायचा.

त्या मंगळवारी सकाळीच भाऊंनी केसरबाईंच्या एका जुन्या तबकडीवर दोन पानी मजकूर घातला होता. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बाई राग कुठून उघडतात, तान कुठे टाकतात आणि कुठे मुद्दाम राखून ठेवतात, हे सगळं घड्याळ लावून. फार चांगला होता. त्याला उत्तरं आली तीन, आणि तिन्ही म्हणजे नुसते जोडलेले हात.

पाडेल्याला तासाभरात एकेचाळीस.

डिचोलीच्या डॉक्टरीणबाईंचा पाडेली यंत्र लावून चढतो, पण पावसाची सर येऊन गेली की महिनाभर माडाला हात लावत नाही. वास्कोच्या काकांचा पाडेली कुवेतला गेला, तिथे तो कशावर चढतो ते देव जाणे. काणकोणच्या वहिनींचा पाडेली आहे, चांगला आहे, पण एवढ्या लांब येणार कोण? मग निघाला नारळ. अलीकडे नारळ लहान येतात यावर एकमत झालं. त्यावरून सोलकढीला रस पहिला घ्यायचा की दुसरा, यावर साठ जणांत तीन पक्ष पडले. रसावरून हुमण, म्हणजे माशांची आमटी, हुमणावरून मासळी. १ जूनपासून ट्रॉलर किनाऱ्याला लागणार, ६१ दिवसांची बंदी, तेव्हा सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आत्ताच घेऊन ठेवा, असा सल्ला म्हापशाहून आला. पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीत मिरच्या कुठे बऱ्या मिळाल्या, आमसुलं यंदा किती महाग. पाच वाजेपर्यंत आम्ही सगळे मनाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मंगळवारी.

नंबर मात्र कोणीच दिला नाही.

माझी एक खोड सांगते. ‘विषयांतराबद्दल क्षमस्व’ हे वाक्य मला सहन होत नाही. आधी क्षमस्व आणि मागून लोणच्याची कृती. अरे, मागायचीच तर कृती चुकली म्हणून क्षमा माग! गाण्याला जमलेली माणसं गाण्याशिवाय दुसरं बोलली तर बिघडलं कुठे? मी तरी गाणं ऐकायला शिकले ते बडबडीच्या आतच.

माझं आजोळ सावईवेऱ्याला. घराभोवती कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, पुढे सोपा, सोप्यावर भिंतीतल्या फळीवर रेडिओ, आणि रेडिओवर आजीने विणलेलं झाकण. शनिवारी रात्री दिल्लीहून शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. त्याला गावातली सात-आठ माणसं येऊन बसत. देवळातले भटजी, पोस्टमास्तर, कोपऱ्यावरचा गाडेकार, म्हणजे टपरीवाला, आणि एक शेजारी, ज्यांचं आणि आजोबांचं पाटाच्या पाण्यावरून सहा दिवस भांडण असायचं. सातव्या दिवशी ते गाण्याला यायचे. मान वळवून बसायचे, पण यायचे.

आता तुम्हांला वाटेल, ही मंडळी डोळे मिटून ऐकत असतील. छे! आलाप सुरू झाला की यांची सुपारी सुरू. तोंडातलीही आणि बाजारातलीही. सुपारीला भाव काय निघाला, पाटाला पाणी कोणी वळवलं (इथे आजोबा खाकरायचे), कोणाच्या मुलाला मुंबईत नोकरी लागली. गायक तिकडे एकेक सूर लावतोय आणि इकडे गाय व्याली की नाही याची चौकशी. पण मध्येच काहीतरी व्हायचं. कोणी खूण केलेली नसायची. सगळे एकदम गप्प. गायक फिरत फिरत समेवर यायचा, सात-आठ माना एकदम हलायच्या, आजोबांच्या तोंडून ‘वा!’ निघायचं, आणि पुढच्या मात्रेला सुपारीचा भाव जिथे सोडला होता तिथून पुढे. वाक्यसुद्धा मधूनच उचलायचे. ते पाटवाले शेजारीसुद्धा समेला मान आजोबांच्याच बाजूला हलवायचे. तेवढीच.

आम्ही मुलं चटईवर झोपलेली असायचो. त्या रात्रींतला एकही राग मला सांगता येणार नाही. गायीला पाडी झाली होती आणि तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, हे मात्र पक्कं आठवतं.

देवळाच्या जत्रेतल्या नाटकाला हीच तऱ्हा. गावातलेच नट, मध्यरात्रीच्या सुमाराला पडदा वर जाणार, आणि लोक चादरी अंथरून खाजं खात बसलेले. गद्य चाललं की गप्पा, पेटीचा सूर आला की चिडीचूप. पद संपलं की ‘वन्स मोर’, आणि पुन्हा खाजं.

आमच्या गटातल्या चौघांना असली गाण्यातली बडबड पटत नव्हती. त्यांनी दोन वर्षांपूर्वी वेगळी चूल मांडली. नाव ठेवलं ‘केवळ गायन’. मीही त्यात आहे. अतिशय स्वच्छ, शांत जागा. शेवटचा मजकूर गेल्या गणेश चतुर्थीच्या आधीचा आहे आणि तो मीच घातलेला आहे. अजून कोणी त्याला हातसुद्धा जोडलेले नाहीत.

केसरबाईंचा जन्म फोंडा तालुक्यातल्या केरीचा, १८९२ चा. आमच्या आजोळापासून केरी काही फार दूर नाही, म्हणून मी उगाच माहेरचा हक्क सांगत असते. गटात नवीन माणूस आला की त्याला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट ऐकावीच लागते. ती म्हणजे अंतराळयानाची. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी ठेवली. दूरच्या कोणा ताऱ्यापाशी कोणी ऐकणारं भेटलंच, तर पृथ्वीवरचं गाणं म्हणून. त्यात एकूण २७ संगीताचे तुकडे आहेत. भारतातला एकच. केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. त्यांतलं व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. आता ते यान इतकं लांब गेलंय की इथून पाठवलेला निरोप प्रकाशाच्या वेगाने गेला तरी पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो.

ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली, सांगितली. पण त्या तबकडीवर दुसरं काय आहे ते मी परवा-परवा नीट वाचलं आणि हसूच आलं. ५५ भाषांतले नमस्कार आहेत, मराठीतलाही आहे. पाऊस आहे. बेडूक आणि रातकिडे. कुत्र्याचं भुंकणं, आगगाडी, कोणाची तरी पावलं, कोणाचं तरी हसणं, आई आणि मूल. आमच्या भाऊंना त्या समितीत घेतलं असतं तर त्यांनी एवढंच लिहिलं असतं, ‘विषय?’

आणि ‘जात कहाँ हो’ म्हणजे तरी काय? आमच्याकडे रस्त्यावर कोणीही कोणालाही विचारतं ते, ‘खंय वता?’ कुठे निघालात? विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. तुम्ही हातात पिशवी घेऊन बाजाराकडे निघालेले त्याला दिसत असता. तरी विचारतो. तुम्हीही पत्ता सांगत नाही, ‘हांगाच’ म्हणता. इथेच. मुंबईला निघालेला माणूससुद्धा बसमध्ये चढता चढता ‘हांगाच’ म्हणतो. माझा मुंबईचा जावई पहिल्यांदा आला तेव्हा दर दहा पावलांवर थांबून प्रत्येकाला खरंखरं उत्तर देत होता. देवळात पोचायला आम्हांला पाऊण तास लागला.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमचा गट सांग्याला कुर्डीला गेला होता. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. केसरबाई आणि मोगूबाई दोघीही जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, तेव्हा आमच्या गटात मोगूबाईंचे छुपे भक्त आहेतच. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरलं की थोडे दिवस वर येतं. भेगाळलेली जमीन, घरांचे चौथरे, झाडांची खोडं. भाऊंनी बसमध्ये प्रत्येकाला छापील कागद दिला होता : जयपूर घराण्याची लयकारी, मुद्दे पाच. गाव दिसल्यावर तो कोणी उघडलाच नाही. वास्कोचे काका एका चौथऱ्यावर चढले आणि म्हणाले, ‘ही रांधपाची खोली असणार, हे चुलीचं ठिकाण.’ लगेच तिघी-चौघी धावल्या. चूल पूर्वेला होती की नाही, विहीर कुठे, माडी होती का, कोणाच्या घरी अशी चूल होती. तास-दीड तास आम्ही त्या अनोळखी घरात संसार मांडत फिरत होतो. भाऊ आधी लांब उभे होते. मग तेही आले, कागदाची घडी केली आणि म्हणाले, ‘न्हाणी इकडे असेल. पाणी त्या बाजूला उतरतं.’

परतताना बसमध्ये कोणीतरी गुणगुणायला लागलं. कोण ते आठवत नाही.

त्या मंगळवारी रात्री भाऊंनी लिहिलं, ‘दुपारच्या विषयांतराबद्दल क्षमस्व.’ त्यांनीसुद्धा! मी रागाने फोन पालथा घातला. पाच मिनिटांनी उघडून पाहते तर वास्कोच्या काकांनी विचारलं होतं, ‘ते राहू दे भाऊ, माड कुठच्या बाजूला झुकलाय?’ भाऊंनी फोटो टाकला. मग माडाचं वय, लावला कोणी, भाऊंच्या वडिलांनी की आजोबांनी, आणि त्या वर्षी पूर आला होता तो किती साली. रात्री साडेअकराला शेवटचा मजकूर, सकाळी सव्वासहाला पुढचा.

आज शुक्रवार. माड अजून तसाच आहे.

खरं सांगायचं तर माझ्याकडे पाडेल्याचा नंबर आहे. चांगला माणूस, आमच्याच वाड्यावर राहतो, सांगितल्या दिवशी येतो. मंगळवारी दुपारीच द्यायचा होता, पण वर लिहिणारे थांबेनात आणि नंबर टाकला असता तर सगळे ‘अरे वा’ म्हणून उठून गेले असते. बुधवारी सोलकढीचं निकालात निघायचं होतं. काल भाऊ स्वतःच पुराबद्दल लिहीत होते.

सकाळपासून आभाळ भरून आलंय. वाराही सुटलाय. आता द्यायलाच हवा.