ओटीवरची खुर्ची

बुधवार, रात्री उशिरा

काल काकांचा फोन आला. त्यांच्या घरावरचा माझा लेख छापलेला अंक पोचला म्हणाले. दोन्ही पानं वाचून झाली होती, वाडीत चौघांना दाखवूनही झाली होती. सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "आई विचारत होती, ओटी अशी मोकळी का दिसते म्हणून. घरातलं कोणी गेल्यासारखी."

मी काहीतरी बोलले. उजेड, कॅमेऱ्याचा कोन, असलंच काही. तेव्हापासून ती खुर्ची डोक्यातून जात नाहीये.

पांढरी, प्लॅस्टिकची, एक हात तडकलेला आणि सुतळीने आवळलेला. वर घडी घातलेली गोधडी. ओटीच्या डाव्या कोपऱ्यात, खांबाशी. "ही जरा बाजूला घेता येईल का?" असं फोटोग्राफरने विचारलं आणि मी उचलली. त्याने नाही, मी. आजी, म्हणजे काकांची आई, आत चहा टाकत होत्या. बाहेर आल्या, कोपऱ्याकडे पाहिलं, काही न बोलता पायरीवर बसल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला मी तिच्याच घरात पायरीवर बसवलं आणि समोर वही उघडून जांभ्या चिऱ्याची माहिती लिहून घेत राहिले.

माहिती सगळी बरोबर आहे. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, तासता येतो, मग वारा लागेल तसा टणक होत जातो. म्हणून त्या भिंतींना गिलावा नाही. कौलं मंगलोरी, मंगलोरला स्वित्झर्लंडच्या बाझल मिशनने १८६५ साली कारखाना काढला, आणि पुढे ती कौलं किनाऱ्याकिनाऱ्याने इथवर चढली. छपराचा उतार, पावसाळ्यात पडवीला बांधायची झापं, शेणाने सारवलेलं खळं, सगळं लिहिलं. त्या घरात कोण कुठे बसतं, हे मात्र एका ओळीतही नाही. (छापताना 'माजघर' हा शब्द कापून तिथे 'लिव्हिंग' केलंय, त्याबद्दल आज नको.)

नऊ महिने झाले नोकरी सोडून. सतरा ठिकाणी विषय सुचवून मेल केले. उत्तरं आली तीन, त्यातली दोन "आधी छापून आलेले लेख पाठवा" म्हणणारी. छापून यायला कोणी छापायला नको का? शेवटी तीन लेख फुकट लिहिले, नमुना म्हणून दाखवता यावेत यासाठी. प्लॅन वाचायला शिकले, खोली पावलांनी मोजायला शिकले. आणि कळलं की आधी फोटो पसंत होतात, मग लेख. फोटो चांगले नसतील तर घर कितीही वेगळं असो, पुरवणीत जागा नाही. आई रोज विचारत नाही, पण तिचं न विचारणंही ऐकू येतं. हे पहिलं पैशांचं काम होतं, तेही आठशे शब्दांचं. हातचं जाऊ नये म्हणून त्या दिवशी मी खुर्चीच काय, कपाटसुद्धा हलवलं असतं.

हे लिहिताना स्वतःची कीव येत होती, आणि तिचा आधारही वाटत होता. पण आता तेच वाक्य पुन्हा वाचलं. कपाट हलवलं नसतं. कपाट कोणाचं म्हणून विचारलं असतं. खुर्ची प्लॅस्टिकची होती, म्हणून विचारलं नाही.

फुकट लिहिलेल्या तिनांतला पहिला लेख वास्तुकार बाळकृष्ण दोशींच्या अरण्य वसाहतीवर होता. इंदूरची. पुण्यात जन्मलेला माणूस, २०१८ साली वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक मिळाल्यावर आपल्याकडे सगळीकडे त्यांचे फोटो आले होते. अरण्यची आखणी साडेसहा हजारांवर घरांची, पण नमुन्यादाखल बांधून दाखवली ती ऐंशी. बाकीच्यांना जोतं, संडास-मोरी, पाणी, फार तर एखादी खोली. पुढचं ज्याने त्याने, पैसा जमेल तसं वाढवायचं. मी किती जीव ओतून लिहिलं होतं की हे घर वास्तुकाराने मुद्दाम अपुरं ठेवलंय, ते राहणारी माणसं पुरं करतात. आजही मला तसंच वाटतं. मग तशा माणसाने स्वतः आणून ठेवलेली वस्तू समोर दिसली तेव्हा मला ती ओळखता कशी आली नाही?

आज दुपारी आजींना फोन केला. माफी मागायची म्हणून केला होता. ते राहिलंच, आधी आमसुलांचं झालं, मग गुडघ्यांचं. मग मी सरळच विचारलं, आजी, तुम्ही त्याच कोपऱ्यात का बसता?

"अगो, तिथून सगळं दिसतं," म्हणाल्या. समोर खळं. तिथे काही वाळत घातलं असलं की वानरांवर लक्ष राहतं. उजवीकडे घाटीचं वळण, एसटीतून कोण उतरलं ते कळतं. आणि मान वळवली की दारातून थेट माजघर, त्यापलीकडे मागची पडवी, तिच्यापलीकडे विहिरीचा रहाट. तीन दारं एका ओळीत आहेत. सून पाण्याला गेली, पोर मागे धावलं, सगळं तिथे बसून कळतं. पूर्वी त्या जागी सासऱ्यांची घडवंची होती.

मी त्या घरात दीड तास होते. तिन्ही दारांतून चार वेळा आत-बाहेर केलं, त्यांची उंची आणि रुंदी मोजली. ती एका ओळीत आहेत हे दिसलं नाही, कारण ज्या जागेवरून ते दिसतं तिथे मी बसलेच नाही.

अंक छापून झालाय. त्याचं आता काही होणार नाही, आणि का कोण जाणे, संध्याकाळपासून ते तितकंसं टोचतही नाहीये. रविवारी गिरगावातल्या चाळीत जायचंय, दोन खोल्या. तिथे फोटोग्राफरच्या आधी, सकाळी एकटीच जाणार आहे. तिथल्या काकूंना तसं कळवलंय.

फोन ठेवता ठेवता आजींना विचारलं, खुर्ची नंतर परत जागेवर ठेवली ना कोणी?

"ठेवली की. तिच्यावरच तर बसल्ये."